ताशी साठची थरथर

जुनी गाडी, नीट गाडी : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण मागच्या ब्रेकच्या ड्रमपाशी थांबलो होतो. आज तिथून पुढे, गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंत जाणाऱ्या शाफ्टखाली सरकू.

तक्रार नेहमी सारखीच असते. दहा-बारा वर्षं टोमॅटो नाहीतर कांदा वाहिलेली पिकअप ताशी ५५-६० ला आली की सीटखालून थरथरू लागते. आधी शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस बदलतात, मग सेंटर बेअरिंग, शेवटी टायर. पैसे जातात, थरथर जागची हलत नाही. पार्ट बदलत बदलत दोष शोधण्याची ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. गरीब गाडीमालकाला ती फार महाग पडते. आणि खरं तर आपण कुठून उगवलो हे थरथर स्वतःच सांगत असते. ते समजून घ्यायला पाना हातात घ्यावा लागत नाही.

मोकळा, सपाट रस्ता बघा. ज्या वेगाला थरथर येते तो वेग धरा आणि पाचव्याऐवजी चौथा गिअर टाका. गाडीचा वेग तोच राहिला, इंजिनाचे फेरे मात्र वाढले. आता थरथर बदलली किंवा गेली, तर इंजिन, क्लच नाहीतर फाउंडेशनचे रबर तपासा. जशीच्या तशी राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, हाउसिंग किंवा चाकांत. मग त्याच वेगाला क्षणभर न्यूट्रल करून बघा (घाटात किंवा उतारावर हे कधीही करू नका). तरीही थरथर चालू असेल, तर काहीतरी फिरताना तोल सोडतंय. ओढ सुटताच थांबत असेल, तर क्रॉस, शाफ्टचा कोन किंवा रबर यांच्यावर संशय घ्यावा.

आता थोडं गणित. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला, तर ताशी ६० ला चाक सेकंदाला सात-साडेसात फेरे मारतं. हाउसिंगचा रेशो ४ धरला, तर शाफ्टचे फेरे होतात ३० च्या आसपास. सेकंदाला सातचा हेलकावा अंगाला एकेक करून जाणवतो, सीट आणि हौदा डुलतो, तो चाकाचा. तीसची थरथर वेगळी मोजता येत नाही, पण फरशीतून पायाला भिनते आणि आरशातलं चित्र पुसट करते; ती शाफ्टची. साठची तर घुमल्यासारखी कानाला ऐकू येते, आणि ती क्रॉसची.

क्रॉसची दुप्पट का, हे समजून घेण्यासारखं आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात ज्या सांध्याचं वर्णन छापलं, तोच हा सांधा. कोनात वाकून फिरताना तो गती एकसारखी पुढे देत नाही. गिअरबॉक्स एकाच लयीत फिरत असतो, पण क्रॉसच्या पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंशांचा असेल तर हा फरक हजारात एक-दीड इतकाच. १० अंशांवर तो शंभरात दीड होतो, म्हणजे दहापटीहून जास्त. कोन थोडा वाढला तरी त्रास कितीतरी वाढतो, तो यामुळे.

यावरचा उपाय सुंदर आहे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनात दुसरा क्रॉस ठेवतात. पहिल्याने केलेला मागेपुढेपणा दुसरा फेडून टाकतो. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळपास सरळ रेषेत असतो, आणि ही फेड मागच्या तुकड्यातल्या दोन क्रॉसना करायची असते. अट एकच : त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका ओळीत हवेत. ग्रीसिंगसाठी स्लिप जॉइंट उपसला आणि परत बसवताना स्प्लाइनचे दात चुकले, की फेड होण्याऐवजी भर पडते. नवेकोरे क्रॉस घालूनही गाडी थरथरते, तेव्हा मी आधी हे काटे बघतो. त्यावर बाणाच्या खुणा असतात. त्या पुसल्या असतील, तर खोलण्याआधी पंचाने दोन ठिपके मारून घ्या.

आपल्याकडच्या पिकअपचा खास आजार मात्र पाट्यांतून येतो. जास्त माल बसावा म्हणून जादा पाटा चढवतात. मग रिकामी गाडी मागून उंच राहते आणि शाफ्ट तिरका होतो. यू-बोल्ट सैल असतील, तर हाउसिंगचं नाकही वर-खाली फिरतं आणि दोन कोनांची जोडी मोडते. रिकामी थरथरते आणि भरली की शांत होते, अशी गाडी आली तर आधी कोन मोजा. मोबाइलमधल्या लेव्हलच्या ॲपनेही अंदाज येतो, फक्त गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर हाउसिंग लोंबकळत असताना मोजलेला कोन खोटा असतो. क्रॉसचा कोन ३ अंशांच्या आत असावा, आणि दोन क्रॉसमधला फरक अंशाहून जास्त नसावा. कोन अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसच्या कपातल्या बेअरिंगच्या सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खड्डे पाडतात.

बाकीची तपासणी झटपट होते. कपाभोवती तांबूस पूड दिसली, तर क्रॉस कोरडा पडलाय. सोडवलेला क्रॉस बोटांनी फिरवताना अडखळला, तर तो बाद समजा. सेंटर बेअरिंगचा रबर फाटलाय का ते शाफ्ट उचलून बघा. शाफ्टवर चिखलाचा पापुद्रा, पोचा, किंवा वजनाची पट्टी उडाल्याची वेल्डिंगची खूण आहे का तेही पाहा. तोल गेलेल्या शाफ्टचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० ला जेवढा असतो, त्याच्या चौपट ८० ला.

टायरच्या बाबतीत मागची-पुढची चाकं अदलाबदल करून त्याच रस्त्यावर फेरी मारा. थरथर स्टिअरिंगमध्ये आली तर चाक सापडलं, आणि शाफ्टला हात लावायची गरजच उरली नाही.

पुढच्या भागात हाउसिंग खोलू : पिनियनच्या बेअरिंगचा आवाज आणि तेल कधी बदलायचं ते.