पाचटातला दिवस

सकाळी ७.१५
सणसर, तालुका इंदापूर. ऊसतोड टोळीने परवा शेवटची गाडी भरली. वाढं वैरणीला गेलं. आप्पांच्या २० गुंठ्यांत आता नुसतं पाचट, गुडघ्याएवढं. हेक्टरी ८ ते १० टन निघतं. म्हणजे इथे दोनेक टन. काडी लावली तर घटकेत रान मोकळं. शेजारचे आज संध्याकाळीच पेटवणार आहेत. आप्पांना खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांचा पुढचा ऊस, ठेवायचाय, पाचटासकट.

८.००
चार बाया आल्या. हजेरी ३५० रुपये. लुगड्यावर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण पाचटाची कड पात्यासारखी कापते. बुडख्यांवरचं पाचट ओढायचं, सरीत दाबायचं. बुडखा झाकला तर कोंब कुजतो.

९.३०
आता कोयते. दिवसाचं खरं काम हेच. टोळीने ऊस चार बोटं वर तोडलाय. बुडखा जमिनीलगत छाटायचा, म्हणजे फुटवा जमिनीखालून येतो आणि जोमाने वाढतो. वरच्या डोळ्याचा कोंब पोसत नाही. एक घाव, सरळ. बुडखा पिंजला की वाया. वाकून, पाय फाकवून, सरीमागून सरी. अर्ध्या तासाला कानस फिरते.

“आप्पा, यंत्र का नाही आणलं?”

“तुकडा केवढा, मावशी! ट्रॅक्टर वळायलाच जागा नाही.”

यंत्र आहे. बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने ‘सॉर्फ’ बनवलंय. बुडखे छाटतं, बगला फोडतं, जुन्या मुळ्या तोडतं, खत पेरतं, सगळं एका फेरीत.

दुपारी १.००
बांधावर भाकरी, ठेचा. एकीच्या मनगटावर लाल रेघा. ती माती लावते आणि पाणी पिते.

२.००
छाटलेल्या बुडख्यांवर बुरशीनाशक, १० लिटरला १० ग्रॅम. पंप आप्पांच्याच पाठीवर.

३.४५
टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. दोन टनांचा हिशेब आप्पांनी गोणीवरच लिहिलाय: १६, २०, २. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. अर्धीसुद्धा लागत नाही. युरिया आणि फॉस्फेट घमेल्यातून पाचटावर फेकतात. जिवाणू ओल्या शेणखतात कालवून वेगळे.

५.३०
१,४०० रुपये मोजून दिले. “वाफसा आल्यावर पहारीला या,” आप्पा म्हणतात. पहारीने बुडख्याशेजारी वीतभर खोल भोकं घ्यायची, त्यात खत. पंधरा दिवसांच्या आत.

६.४०
शेजारचं रान पेटलं. काजळी आप्पांच्या टोपीवर उतरते. इकडे दोन टन वाळकं पाचट, दिवसभर हाताखालून गेलेलं. एक ठिणगी पुरे. आप्पांची नजर पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर.

७.०५
लाईट आली. आप्पांनी पहिलं पाणी बांधाकडच्या सरीत सोडलं. पाचट फुगून वर आलं. ते पायाने दाबत पुढे सरकताहेत, आगीकडे तोंड करून.