तपोवनचा गहू

निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने गव्हाचे जे वाण आजवर शेतकऱ्यांच्या हाती दिले, त्यांतील काहींची नावे ऐकताना कोणी क्षेत्रमाहात्म्याची पोथीच वाचीत आहे की काय असा भास होतो : त्र्यंबक, गोदावरी, पंचवटी, तपोवन. ज्या मातीत पीक घ्यावयाचे त्या मातीतील तीर्थांची नावे पिकाला द्यावी, ही कल्पना मला नेहमीच हृद्य वाटत आलेली आहे. परंतु गेली दोन वर्षे ही नावे ऐकली की माझ्या मनात थोडी कुचंबणा होते; कारण माझ्या भाचीची नऊ वर्षांची मुलगी तपोवनाच्या रस्त्यालाच राहते, आणि तपोवन काय किंवा त्र्यंबक काय, कोणत्याही गव्हाचा कणसुद्धा तिच्या पोटात जाता कामा नये, असा वैद्यकशास्त्राचा तहहयात मनाई हुकूम तिच्यावर बजावला गेला आहे.

या व्याधीचे नाव सीलिॲक. आपल्याकडे तिला सर्रास 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतात, ते बरोबर नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे एक चिवट प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती ताणली जाते, पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, तो सगळा याचाच प्रताप. या प्रथिनाचे काही तुकडे पचनरसांना पुरते तोडता येत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. काहींच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा मात्र त्या तुकड्यांना शत्रू समजून शस्त्र उचलते, आणि घाव स्वतःच्याच लहान आतड्यावर पडतात. अन्नरस शोषून घेण्यासाठी आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे जे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात ते झडून अस्तर सपाट होते, आणि मग ताटात पक्वान्ने असली तरी शरीर उपाशीच राहते.

आमच्या मुलीचे असेच झाले. ती खात होती, पण अंगाला लागत नव्हते. तिची दृष्ट काढून झाली, जंतांचे औषध झाले, लोहाच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या झाल्या. रक्तातील लोह वाढेना आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेली उंचीची खूण दोन वाढदिवस लोटले तरी तिथल्या तिथेच. अशक्तपणाला खायला घालणे हा आपला रामबाण उपाय, त्यामुळे आजी तिला तूप लावून एक पोळी जास्त वाढीत असे, म्हणजे ज्या प्रेमाने ती वाढीत असे तेच प्रेम मुलीला बाधत होते. शेवटी रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी आणि दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा नमुना यांनी निर्णय दिला. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करतो. संशय आला म्हणून कोणी आपल्या मनानेच आधी गहू सोडू नये. गहू सोडल्यावर रक्तातील खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि मग तपासणी खोटी ग्वाही देते.

ही व्याधी नवी नव्हे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ॲरिटियस नावाच्या ग्रीक वैद्याने तिचे वर्णन केले होते, आणि ग्रीक भाषेतील पोटवाचक शब्दावरूनच तिचे नाव रूढ झाले. १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी यांनी तिच्यावर निबंध लिहिला व हा रोग बरा होणार असेल तर आहारानेच होईल असे निःसंदिग्ध मत दिले. त्यांच्या एका बालरोग्याला हॉलंडचे उत्तम शिंपले रोज भरपूर खाऊ घातल्यावर ते बाळसे धरू लागले, पण शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खंगले. पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुरू केला, आणि मुले खरोखरच सुधारली. जळगावकरांना हे ऐकून धन्य वाटेल, परंतु श्रेय केळ्याचे नव्हते. केळी खाताना जे खाल्ले जात नव्हते त्याचे होते.

खरा अपराधी हाती लागला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि तोही हॉलंडातच. विलेम डिके हे हेग शहरातील मुलांच्या रुग्णालयाचे डॉक्टर. त्यांना पावाविषयी संशय युद्धापूर्वीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी धान्याची कोंडी केली, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले, आणि त्या भयंकर दुष्काळात, जेव्हा धडधाकट मुले वाळत होती, तेव्हा डिके यांची ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला आणि दुखणेही परत आले. १९५० साली त्यांनी हे सर्व रीतसर प्रबंधात मांडले. भुकेने एखाद्या रोगाचे निदान करून द्यावे, यापेक्षा विलक्षण गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात मला तरी ठाऊक नाही.

हिंदुस्थानात उत्तरेकडील मुलांमधील या रोगावरचा निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी पुष्कळ वर्षे ही गोऱ्या लोकांची व्याधी असाच समज राहिला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत २३,३३१ प्रौढ माणसे तपासली गेली. उत्तरेत शेकडा १.२३ जणांना हा रोग आढळला, ईशान्येत ०.८७, आणि दक्षिणेत अवघा ०.१०. मौज अशी की या रोगाला अनुकूल असा आनुवंशिक वारसा तिन्ही प्रदेशांत जवळजवळ सारखाच, म्हणजे सुमारे तिघांतील एकाजवळ होता. फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. काडी सगळ्यांच्याच घरात आहे, पण ती घासली जाते गव्हावर.

आता आपल्या नाशिकचा विचार करा. माझ्या लहानपणी पोळी सणावारी आणि पाहुणा आला म्हणजे. एरवी येवला-सिन्नरकडे बाजरीची भाकरी, मालेगावकडे ज्वारी-बाजरी, आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या घाटमाथ्याच्या मुलखात नागली व भात. पाटाचे पाणी, सुधारलेली बियाणी आणि शिधावाटपाचे दुकान या तिघांनी मिळून पोळीला रोजची केली आणि भाकरीला गरिबीच्या खात्यावर चढवले. सबब ज्या मुलाचे पोट आजोबांच्या काळी कदाचित कधीच कुरकुरले नसते, ते आज डब्यात रोज पोळी-भाजी घेऊन शाळेत जाते.

या रोगावर औषध नाही. पथ्य हेच औषध. पथ्य हा शब्द आपल्या अंगवळणी पडलेला आहे खरा, पण आपले पथ्य म्हणजे चार दिवस तेल-तिखट वर्ज्य आणि पाचव्या दिवशी 'एवढ्याशाने काय होते!' येथे एवढ्याशानेच होते. एका पोळीत अंदाजे अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढा तुकडा, रोज पोटात जात राहिला तरी आतड्याचे अंकुर पुन्हा झडतात. म्हणूनच किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असेल तरच पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणावे, असा दंडक जगात आणि आपल्या अन्नसुरक्षा खात्याच्या नियमांतही आहे.

कायद्याचे माप असे काटेकोर, आणि स्वयंपाकघरात शत्रू कोठे लपलेला असेल याचा नेम नाही. माझ्या भाचीने गहू, रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडया सारे बाहेर काढले; भाजणीत गहू म्हणून तीही काढली; तरी मुलीचे पोट अधूनमधून दुखतच होते. एके दिवशी वरणाला फोडणी देताना तिचे लक्ष हिंगाच्या डबीकडे गेले. डबीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली तेव्हा कळले की, आपण ज्याला हिंग म्हणतो त्या पुडीत हिंग थोडा आणि बाकी डिंक व गव्हाचे पीठ असते. "मामा, वरणात गहू!" असे ती मला फोनवर म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात संताप होता की सुटका, ते मला अजून ठरवता आलेले नाही. आता ती खडा हिंग आणते आणि घरीच कुटते.

माणसांचे प्रकरण याहून अवघड. सत्यनारायणाला मुलगी शिऱ्याच्या द्रोणाकडे पाहत बसली तेव्हा शेजारच्या एक आजीबाई म्हणाल्या, "अगं, देवाच्या प्रसादाने का कुणाला बाधतं?" आई गप्प, मुलगी रडवेली. पोथी आवरता आवरता गुरुजींनीच मार्ग काढला. "तिला पंचामृत द्या. तोही प्रसादच आहे," ते म्हणाले, आणि पळी तिच्या हातावर रिकामी केली. शास्त्रार्थ म्हणतात तो असा.

पाश्चात्त्य देशांत या लोकांची कैफियत सरकारदरबारी पोहोचली ती रोग्यांनी एकत्र येऊन पोहोचविली म्हणून. राजकीय बंदिवानांसाठी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल उभी करणारे पीटर बेनेन्सन स्वतः सीलिॲकचे रोगी होते. इंग्लंडात १९६८ साली निघालेल्या सीलिॲक सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. काट मारलेल्या कणसाचे चिन्ह युरोपभर पाकिटांवर दिसते. इटलीने तर २००५ च्या कायद्याने या व्याधीला सामाजिक व्याधीचा दर्जा देऊन शाळांच्या व कचेऱ्यांच्या भोजनगृहांत निराळे ताट देणे बंधनकारक केले, आणि खास अन्नासाठी रोग्याला दरमहा ठरावीक रकमेची तजवीज करून दिली. आपल्याकडे दिल्लीत आहारतज्ज्ञ इशी खोसला यांनी स्थापन केलेली सीलिॲक सोसायटी ऑफ इंडिया हे काम करते. पण शिधापत्रिकेवर घरातील माणसांची संख्या लिहिलेली असते, त्यांच्या आतड्यांची प्रकृती नव्हे. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी जे पाच किलो धान्य मिळते, त्यातील गव्हाच्या वाट्याऐवजी तांदूळ किंवा भरड धान्य घेण्याची मुभा अशा घराला डॉक्टरच्या दाखल्यावर द्यावी, ही मागणी काही खजिन्याला भारी पडणारी नाही.

आणि बदली धान्य परदेशातून आणावयाचे आहे असेही नाही. परदेशी पाकिटातला ग्लुटेनमुक्त पाव विकत घेऊन मध्यमवर्गाचे कंबरडे मोडते. इकडे नागलीची भाकरी, नागलीचे पापड, बाजरीचा खिचडा, इंद्रायणीचा भात हे सगळे आपल्याच जिल्ह्यात पडून आहे. नाशिक तर भगरीच्या गिरण्यांचे जुने ठाणे. एकादशीच्या दिवशी आमची मुलगी सगळ्यांत सुखी असते; भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, सारे घर त्या दिवशी तिच्या पंक्तीला बसते आणि कोणाला कोणाची कीव करावी लागत नाही. शाळेतील खिचडीही तांदळाची, तेही तिचे भाग्य.

घोडे अडते ते गिरणीपाशी. आपल्या बायका दळण टाकताना सांगतात, "ज्वारीवर नका टाकू, गव्हावर टाका", कारण आधीच्या धान्याचे पीठ पाळ्यांत राहते आणि पुढच्याच्या डब्यात उतरते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भाचीने आपल्या गिरणीवाल्याला सगळी हकिगत सांगितली आणि पहाटे पहिले दळण बाजरीचे घेण्याची विनंती केली. पापण्यांपर्यंत पिठाने पांढरा झालेला तो माणूस ऐकून घेऊन क्षणभर गिरणीच्या भिंतींकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "ताई, पाळी मी झाडून देईन, पण इथली हवासुद्धा गव्हाची आहे. माझा भरवसा धरू नका. घरघंटी घ्या." आपले कायमचे गिऱ्हाईक त्याने असे आपल्या तोंडाने घालवले.

घरघंटी आली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती आता बाजरी, नागली आणि तांदूळ एवढेच दळते. परवा मी गेलो तेव्हा वीज जाऊन आली होती आणि कोपऱ्यावरची गिरणी बंद होती; शेजारीण डबा घेऊन दारात उभी. मुलीने पुढे होऊन डब्याचे झाकण उघडले, आत पाहिले, झाकण पुन्हा लावले आणि म्हणाली, "काकू, ज्वारी असती तर ठेवून घेतला असता."