ब्राउझरची ढाल आणि अर्जाचे बटण

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द या मंचरजवळच्या गावी २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय स्थापन झाले, आणि तेव्हापासून यंत्रविद्या शिकणारी तरुण मंडळी व फेरफार, उतारे, दाखले यांच्या नकलांसाठी संगणकाच्या पडद्यापुढे बसणे ज्यांना कालमानाने भाग पडले आहे ते खातेदार शेतकरी, हे दोन्ही वर्ग एकाच शिवारात नांदत आहेत. पहिल्या वर्गास ठाऊक असते की आपण इंटरनेटवर कोठे कोठे फिरतो याची टिपणे कोणी परका ठेवीत असतो, म्हणून तो ब्राउझरला माग काढणाऱ्यांस अडविणारे एखादे एक्स्टेन्शन जोडतो; दुसऱ्या वर्गाची अपेक्षा एवढीच, की १ मे २०१८ पासून राज्यात मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपये भरून हाती यावा आणि पीकविम्याचा अर्ज मुदतीत दाखल व्हावा. जेथे हे दोन्ही वर्ग एका छपराखाली राहतात आणि संगणकही एकच असतो, तेथे मुलाने सद्हेतूने चढविलेली ढाल वडिलांच्या कामास आडवी येण्याचा संभव फार. कुठल्याशा अर्जाचे पान उघडते, बटण दिसते, ते दाबलेही जाते, आणि काही म्हणता काही घडत नाही.

अशा वेळी ढालीला दोष देण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. परंतु माझे कारण सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे.

ब्राउझरला मुळात स्मृती नव्हती. एका पानावरून दुसऱ्यावर गेलेला वाचक तोच आहे की निराळा, हे संकेतस्थळास कळत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने १९९४ साली कुकीची योजना केली : संकेतस्थळाने वाचकाच्या संगणकावर एक लहानशी नोंद ठेवावी आणि पुढच्या खेपेस ती ओळखीदाखल परत मागावी. योजना निरुपद्रवी होती. पण एकाच पानात चित्रे, नकाशे, जाहिराती असे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले तुकडे बसविता येतात, आणि त्यांतील प्रत्येक तुकडा आपापली कुकी ठेवू शकतो, ही गोष्ट जाहिरातदारांच्या ध्यानात येताच त्या निरुपद्रवी नोंदीचे स्वरूप पालटले. एकच गृहस्थ बाजारातील प्रत्येक दुकानाच्या ओट्यावर बसून कोण काय घेतो हे आपल्या वहीत लिहीत असावा, तसे झाले. इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या अभियंत्यांनी १९९७ सालीच अशा त्रयस्थ कुकींना मुळात मज्जाव असावा असे लिहून ठेवले होते, पण त्या काळच्या प्रमुख ब्राउझरांनी ते मानले नाही. (शास्त्र एक सांगते आणि व्यवहार दुसरेच करतो, याचा अनुभव आपल्याकडेही कमी नाही.) ॲपलच्या सफारीने त्रयस्थ कुकी सरसकट बंद केल्या त्या २०२० साली, गूगलने त्याच वर्षी तसे आश्वासन दिले आणि २०२४ साली ते मागे घेतले.

मधल्या काळात पाने रचणाऱ्यांचा हात असा वळला, की आवश्यक आणि अनावश्यक यांची वीण एकत्र होऊन बसली. अर्ज पाठविण्याचे बटण दाबताच जो कार्यक्रम चालतो, त्याची पहिली ओळ पुष्कळदा 'या मनुष्याने बटण दाबले' अशी वर्दी एखाद्या मोजणी करणाऱ्या कंपनीस देण्याची असते, आणि अर्ज खरोखर पाठविण्याची ओळ तिच्यानंतर येते. ढालीने त्या कंपनीचा कार्यक्रम दारातच अडविलेला असला, तर पहिली ओळ अडखळते आणि दुसरीपर्यंत पाळी येतच नाही. फायरफॉक्सने मार्च २०२१ मध्ये यावर मोठी चतुर तजवीज केली : अडविलेल्या कार्यक्रमाच्या जागी त्याच्याच नावाचा एक पोकळ तोतया उभा करावयाचा, जो विचारले असता हो म्हणतो आणि कोणालाही काही कळवीत नाही. बटण चालू लागते. ज्या तुकड्याच्या जागी तोतया बसविला तरी काम अडत नाही, तो वाचकाच्या उपयोगाचा नव्हताच, हे याहून अधिक स्पष्टपणे कोण सिद्ध करणार?

सर्वच ठिकाणी इतके सोपे नसते. कुकी नाकारली तरी पडद्याचे आकारमान, अक्षरांचे साचे, घड्याळाचा प्रदेश अशा गुणांवरून ब्राउझर ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेने २०१० साली केलेल्या पाहणीत ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय ठरले. यावर उपाय म्हणून काही कडक साधने सर्वांस एकच उत्तर द्यावयास शिकवितात, आणि घड्याळ विचारले असता ग्रिनिचची वेळ सांगतात. ती आपल्याहून साडेपाच तास मागे. त्यामुळे एखाद्या संकेतस्थळाने जन्मतारीख भारतीय मध्यरात्रीच्या क्षणाच्या रूपाने साठविली असेल, तर ती आदल्या दिवसाच्या सायंकाळी साडेसहावर येऊन पडते, आणि पंधरा जूनला जन्मलेला मुलगा अर्जात चौदा जूनचा होतो. छायाचित्र व स्वाक्षरी पडद्यावरच कापून लहान करण्याची सोय असते, तिचीही तीच गत : चित्रफलकावरील ठिपके वाचू देण्यास साधन नकार देते किंवा खोटे ठिपके पुरविते, आणि स्वाक्षरीच्या जागी रंगीत रवा उमटतो.

येथे मात्र मी ढालीचा कैवार सर्वस्वी घेणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. पण तो हक्क बजावताना मुलाची जन्मतारीख चुकावी असे कोणी म्हणणार नाही. म्हणून अर्ज भरण्यापुरती, आणि त्या एका संकेतस्थळापुरतीच, पत्त्याच्या रकान्याजवळील ढालीच्या चिन्हावरून सवलत द्यावी. संपूर्ण साधन काढून टाकण्याचे प्रयोजन नाही.

पैसे भरण्याच्या बाबतीत तर एक्स्टेन्शन नसतानाही सावध राहावे लागते. क्रोमने २०२० साली असा नियम केला की कुकीवर स्पष्ट परवानगी लिहिलेली नसल्यास, दुसऱ्या संकेतस्थळाने पाठविलेल्या भरल्या अर्जाबरोबर ती जाणार नाही. आणि बँक पैसे घेऊन ग्राहकास मूळ पानावर परत धाडते ती बहुधा याच रीतीने. दोन मिनिटांच्या आतल्या ताज्या कुकीस तात्पुरती सूट ठेवली गेली, पण ओटीपीचा संदेश येईतो तेवढा वेळ सहज निघून जातो. मग ओळख हरवते, पुन्हा लॉगिनचे पान येते, पावती मिळत नाही, आणि रक्कम मात्र खात्यातून वजा झालेली असते. त्या क्षणी दुसऱ्यांदा पैसे भरण्याचा मोह आवरून प्रथम बँकेचा संदेश पाहावा, व्यवहार क्रमांक टिपून घ्यावा, आणि मग त्या संकेतस्थळाच्या व्यवहारांच्या यादीत तो क्रमांक शोधावा.