लिस्टमधून डिक्शनरी: स्प्लिट करण्याआधी ‘की’ ठरवा

पायथन शिकायला घेतलं की लिस्ट आणि डिक्शनरी लगेच भेटतात. पण खऱ्या डेटावर दोन्ही एकत्र वापरायची वेळ आली की गोंधळ उडतो. म्हणून आज एकच काम नीट समजून घेऊ: लिस्टमधल्या प्रत्येक स्ट्रिंगचे तुकडे करायचे आणि डिक्शनरीत त्यांचे गट लावायचे.

समजा, झाडांच्या सर्वेक्षणातून तुमच्याकडे ही लिस्ट आली:

[‘फिकस रेलिजिओसा’, ‘फिकस बेंगालेन्सिस’, ‘मँजिफेरा इंडिका’, ‘फिकस रेसिमोसा’, ‘फिकस रेलिजिओसा’]

म्हणजे पिंपळ, वड, आंबा, उंबर आणि पुन्हा पिंपळ. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजाती सांगतो, दुसरा जाती. आपल्याला प्रजातीनुसार गट हवेत:

{‘फिकस’: [‘रेलिजिओसा’, ‘बेंगालेन्सिस’, ‘रेसिमोसा’, ‘रेलिजिओसा’], ‘मँजिफेरा’: [‘इंडिका’]}

पायऱ्या तीनच

1. रिकामी डिक्शनरी घ्या. कलेक्शन्स मॉड्यूलमधली डिफॉल्टडिक्ट घेतली आणि तिला ‘लिस्ट’ हा प्रकार दिला, तर नवी ‘की’ आली की तिच्यासाठी रिकामी लिस्ट आपोआप तयार होते.
2. फॉर लूपमध्ये प्रत्येक नाव स्प्लिट करा. पहिला तुकडा ही ‘की’, उरलेला भाग ही व्हॅल्यू.
3. त्या ‘की’च्या लिस्टमध्ये व्हॅल्यू अपेंड करा.

साधी डिक्शनरी वापरत असाल तर अपेंडच्या आधी सेटडिफॉल्ट वापरा, नाहीतर पहिल्याच नावाला कीएरर येईल. काही जण आयटरटूल्समधलं ग्रुपबाय सुचवतात. ते फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या गोष्टी एकत्र करतं. आपल्या लिस्टमध्ये मध्येच आंबा आहे, त्यामुळे आधी सॉर्ट केलं नाही तर फिकसचे दोन गट पडतील.

खरा डेटा इतका सरळ नसतो

कुठे दोन स्पेस पडलेल्या असतात. स्प्लिटच्या कंसात एक स्पेस लिहिली तर अशा ठिकाणी मध्ये रिकामी स्ट्रिंग येते. कंस रिकामा ठेवला तर कितीही स्पेस असल्या तरी त्या एकच धरल्या जातात.

कुठे नाव तीन शब्दांचं असतं, जसं गीरच्या सिंहाचं ‘पँथेरा लिओ पर्सिका’. दोनच व्हेरिएबल ठेवली असतील तर व्हॅल्यूएरर येतो. मॅक्सस्प्लिट 1 ठेवा, म्हणजे पहिल्या स्पेसलाच तुकडा पडेल आणि ‘लिओ पर्सिका’ एकत्र राहील. आणि नुसतंच ‘फिकस’ लिहिलेलं असेल तर? दुसरा तुकडा मिळणारच नाही. अशा नोंदी वेगळ्या लिस्टमध्ये काढा, गुपचूप वगळू नका.

एरर न देणारी चूक

एरर आला तर बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी. खरी भीती आहे ती चुकीच्या ‘की’ची. फिकस हे नाव वनस्पतींमध्ये आहे, तसंच समुद्री गोगलगायींच्या एका प्रजातीचंही आहे. अंजिराच्या आकाराचा शंख, म्हणून ते नाव. वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाचे नियम स्वतंत्र असल्याने हे चालतं. आता किनाऱ्यावरच्या सर्वेक्षणात झाडं आणि शंख एकाच लिस्टमध्ये असतील, तर तुमची डिक्शनरी वड आणि गोगलगाय एकाच गटात टाकेल. प्रोग्रॅम काही तक्रार करणार नाही. आकडे छान दिसतील, आणि तेच आकडे प्रबंधाच्या तक्त्यात जातील.

उपाय सोपा आहे: ‘की’ म्हणून (‘वनस्पती’, ‘फिकस’) असा टपल वापरा. टपल ‘की’ होऊ शकतो, लिस्ट होऊ शकत नाही.

व्हॅल्यूचंही तसंच. आपल्या लिस्टमध्ये पिंपळ दोनदा आहे. झाडं मोजायची असतील तर लिस्ट ठेवा, फक्त जाती मोजायच्या असतील तर सेट. लिस्ट घेतली तर फिकसखाली 4 नोंदी दिसतील, सेट घेतला तर 3. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण प्रश्न वेगळे आहेत.

शेवटी एक तपासणी कधीच चुकवू नका. लिस्ट वापरली असेल तर सगळ्या गटांची लांबी आणि बाजूला काढलेल्या नोंदी यांची बेरीज मूळ लिस्टच्या लांबीइतकी यायला हवी. मग सगळ्या ‘की’ छापून एकदा डोळ्यांनी वाचा. बेरीज जुळली म्हणजे काही हरवलं नाही एवढंच कळतं. योग्य गटात गेलं की नाही, हे मात्र तुम्हालाच बघावं लागेल.