एकाच पत्र्याचे अनेक ठसे

तैलचित्र एकच असतें. तें एका भिंतीवर असेल तर दुसऱ्या भिंतीवर असणार नाहीं. मुद्राचित्राची गोष्ट निराळी. तेंच चित्र परदेशच्या एखाद्या संग्रहालयांत आणि मुंबईच्या एखाद्या दिवाणखान्यांत एकाच वेळीं असूं शकतें, आणि दोहोंपैकीं एकासही नक्कल म्हणतां येत नाहीं. हें कोडें ज्यास उलगडलेलें नाहीं तो गृहस्थ लिलावाची सूची हातीं घेतली कीं गोंधळतो. एकाच चित्राच्या दोन प्रती त्यास हुबेहूब सारख्या दिसतात आणि एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट असते. ही सारी धनिकांची लहर, असें म्हणून तो सूची मिटतो. लहरीचा अंश त्यांत असतो हें खरें. परंतु फरक बहुधा खराही असतो, आणि मुख्य म्हणजे तो डोळ्यांना दिसणारा असतो.

पिकासोचें 'ल रपा फ्रुगाल', म्हणजे 'तुटपुंजें जेवण', हें चित्र याचा उत्तम दाखला होय. १९०४ सालीं हा बावीस-तेवीस वर्षांचा स्पॅनिश तरुण पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर बिऱ्हाड करून राहिला होता. त्याच्या हातीं जस्ताचा एक पत्रा आला, तोही दुसऱ्या चित्रकारानें वापरलेला. त्यावरचें जुनें निसर्गदृश्य घांसून काढलें तरी तें पुरतें गेलें नाहीं. त्याच्या पुसट खुणा नव्या चित्रांत आजही शोधणाऱ्यास सांपडतात. टेबलाशीं एक स्त्री आणि एक पुरुष बसले आहेत. पुढें बाटली, पावाचा तुकडा आणि रिकामी बशी. पुरुषाचा एक हात स्त्रीच्या खांद्यावर आहे, पण त्याचें तोंड मात्र दुसरीकडे वळलेलें आहे. त्या हाडकुळ्या, लांबच लांब बोटांइतकें भुकेचें वर्णन शब्दांनीं करणें कठीण.

हें चित्र निर्माण कसें होतें तें कळल्याखेरीज पुढचा किंमतीचा प्रकार उमगणार नाहीं. पत्र्यावर मेणासारखा लेप देतात आणि त्यावर सुईनें रेघा ओढतात. पत्रा अम्लांत बुडविला कीं जेथें लेप खरवडला गेला तेथें अम्ल धातु खातें आणि रेघ खोल होते. मग लेप काढून पत्र्यास शाई फांसावयाची, पृष्ठभाग पुसून घ्यावयाचा, रेघांतली शाई तेवढी राहूं द्यावयाची, आणि ओलसर कागद वर ठेवून सारें जड रुळांखालून काढावयाचें. दुसरा प्रकार अम्लाविना होतो. त्यांत टोंकदार सुईनें धातूच ओरखडतात. शेतांत नांगर चालला कीं तासाच्या कडेस माती वर येते, तशी या ओरखड्याच्या कडेस धातूची बारीक किनार उभी राहते. ही किनार शाई धरून ठेवते, आणि कागदावर रेघेभोंवतीं मखमलीसारखी मऊ, गर्द सावली उमटते. परंतु रुळाच्या प्रत्येक फेरीबरोबर ती किनार दबत जाते. थोड्याच प्रती निघाल्या कीं मखमल गेली आणि नुसती रेघ उरली!

पिकासोनें या पत्र्यावर पहिली, अम्लाची रीत वापरली. १९०४ सालीं देलात्र या मुद्रकाकडून थोड्याशाच प्रती काढून घेतल्या गेल्या. पुढें व्होलार या प्रसिद्ध चित्रव्यापाऱ्यानें तो पत्रा घेतला, झीज होऊं नये म्हणून त्यास पोलादाचा अतिसूक्ष्म मुलामा दिला, आणि १९१३ सालीं अडीचशें प्रती साध्या उत्तम कागदावर व कांहीं थोड्या जपानी कागदावर छापविल्या. मुलाम्यानें पत्रा वांचला. पण रेघांचा ओलावा, ती गर्द सावली, कांहींशी कोरडी झाली. दोन्ही प्रती खऱ्या, दोन्ही एकाच पत्र्याच्या. तरी मुलाम्यापूर्वींची एक प्रत २०२२ सालीं लंडनच्या लिलावांत साठ लाख पौंडांहून अधिक किंमतीस गेली. १९१३ च्या प्रतीस तेवढी किंमत कोणी स्वप्नांतही देणार नाहीं. दुर्मिळतेचा भाग त्यांत मोठा आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तथापि दोन्ही प्रती शेजारीं ठेवून पाहणाऱ्यास अंधाराचा फरक दिसल्यावांचून राहत नाहीं.

म्हणून पाहण्याची संवय प्रथम. किंमतीची चौकशी मागून. पत्र्यावरच्या चित्रास कागदावर चौकटीसारखी दाबखूण असते. ती बोटालाही लागते. लांकडी ठशांत शाई उंचवट्यावर असते, म्हणून आकृतीच्या कडेस ती किंचित् दाटलेली दिसते. शिळाछापाचें चित्र अगदीं सपाट. ज्या घरांत आजोबांची शिळाप्रेसवर छापलेली पोथी आहे त्या घरास ही कला परकी नाहीं. तेल आणि पाणी यांचें वैर ओळखून म्युनिकच्या सेनेफेल्डरनें अठराव्या शतकाच्या अखेरीस ती शोधून काढली, आणि पोथीची अक्षरें व युरोपीय चित्रकारांच्या रंगीत आकृती एकाच युक्तीनें छापल्या गेल्या. पडदाछापांत ताणलेल्या कापडांतून शाई दाबून उतरवितात. आणि जवळ एक भिंग अवश्य असावें. भिंगाखालीं नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर तें बहुधा छायाचित्रावरून यंत्रानें छापलेलें पुनर्मुद्रण समजावें, मग खालीं सही कोणाचीही असो.

सहीवर भोळ्या ग्राहकाची फारच श्रद्धा असते. वस्तुतः पेन्सिलीनें सही करण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्हिस्लर आणि त्याच्या समकालीनांनीं रूढ केला; त्यापूर्वींच्या थोर मुद्राचित्रांवर ती नसते म्हणून त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. उलट पक्षीं, सही आहे म्हणून चित्र खरें ठरतेंच असेंही नाहीं. साल्वादोर दालीनें कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या. १९७४ सालीं फ्रान्सच्या सरहद्दीवर असे सुमारें चाळीस हजार कोरे कागद एका मालमोटारींत सांपडले. त्यांवर पुढें कोण काय छापणार होतें तें देवच जाणे! दालीच्या उत्तरकाळच्या मुद्राचित्रांकडे जाणते लोक तेव्हांपासून संशयानें पाहतात तें उगीच नव्हे.

अँडी वॉरहॉलची हकीकत याहून गंमतीची आहे. १९६७ सालीं त्यानें मेरिलिन मन्रोच्या मुखाचीं दहा पडदाछाप चित्रें प्रत्येकी अडीचशें प्रतींत प्रसिद्ध केलीं. त्यांची सही पाठीमागें असते. कांहीं वर्षांनीं तशींच चित्रें 'संडे बी. मॉर्निंग' या नांवानें बाजारांत आलीं, आणि त्यांच्या पाठीवर 'सही तुमची तुम्हीच करा' अशा अर्थाचा शिक्का होता. वॉरहॉलनें त्यांतल्या कांहींवर 'हें माझें नव्हे' असें लिहून खालीं स्वतःची सही ठोकली. अशा प्रतीस खरी म्हणावें कीं खोटी, हें तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनीं ठरवावें.

सहीशेजारच्या आंकड्याविषयींही गैरसमज आहे. १२/५० याचा अर्थ पन्नास प्रतींतली बारावी. पण क्रमांक छापण्याच्या क्रमानेंच घातले जातात असें नाहीं, म्हणून लहान आंकडा म्हणजे चांगला ठसा हें समीकरण फसवें आहे. सूचींतील एका शब्दाकडे मात्र बारकाईनें पाहावें. चित्र अमक्याचें आहे कीं अमक्याच्या चित्रावरून केलेलें आहे? पहिल्यांत कलावंतानें पत्रा, शिळा किंवा पडदा हें आपलें साधन म्हणून वापरलेलें असतें. दुसऱ्यांत कुशल कारागिरानें त्याच्या तैलचित्राचा अनुवाद केलेला असतो. राजा रविवर्म्याच्या छापखान्यांतून, जो १८९४ सालीं मुंबईस निघाला आणि पुढें मळवलीस गेला, घरोघर पोहोंचलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती या दुसऱ्या वर्गांतल्या. त्यांचें सांस्कृतिक मोल मोठें आहे आणि आज त्या लिलावांतही येतात; पण मूळ तैलचित्राच्या भावानें त्या घेणें हा वेडेपणा होईल.

कागदाची प्रकृतीही पाहावी. चौकटींत बसविण्यासाठीं समास कापलेला असणें, उन्हानें कागद पिवळा पडणें, मागच्या हलक्या पुठ्ठ्यानें डाग पडणें, कागद दुसऱ्या कागदावर चिकटविलेला असणें, या सर्वांनीं किंमत उतरते. लिलावगृहाकडे मागितल्यास स्थितीची लेखी माहिती मिळते; ती मागण्यास संकोचूं नये. हातोडी पडली तो आंकडा अखेरचा नसतो, हेंही आधींच ध्यानांत घ्यावें. त्यावर लिलावगृहाची दलाली व कर बसतात, आणि मोठ्या लिलावगृहांत ही दलालीच शेंकडा वीसांहून अधिक असूं शकते. बोली करण्यापूर्वीं ही बेरीज ज्यानें केली नाहीं, त्यास घरीं परतल्यावर ती पत्नीसमोर करावी लागते.

भारतीय मुद्राचित्रांकडे लक्ष अलीकडे वाढलें आहे, आणि मध्यमवर्गीय घरास मोठ्या चित्रकाराची अस्सल कृति परवडण्याचा हाच काय तो मार्ग आहे. कृष्ण रेड्डी यांनीं पॅरिसमध्यें हेटर यांच्या 'आतेलिए १७' या कार्यशाळेंत पातळ व घट्ट शाया एकाच पत्र्यावर वापरून एका दाबांत अनेक रंग उमटविण्याची रीत विकसित केली. त्यांच्या एकाच चित्राच्या दोन प्रतींतले रंग किंचित् भिन्न असतात, आणि त्यांतून निवड करण्यांतच आनंद असतो.

सोमनाथ होर यांच्या 'जखमा' या मालिकेचा प्रकार तर सर्वांहून वेगळा. १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहिलेल्या या कलावंतानें १९७१ च्या सुमारास शाईच टाकून दिली. मातीच्या थरावर वार करावयाचे, त्याचा सिमेंटचा सांचा घ्यावयाचा, आणि त्यांत कागदाचा ओला लगदा दाबून वाळवावयाचा. पांढऱ्या कागदावर पांढराच व्रण! सूचींतल्या छायाचित्रांत असें चित्र कोऱ्या पानासारखें दिसतें आणि घाईचा ग्राहक तें उलटून पुढें जातो. लिलावापूर्वीं जें प्रदर्शन भरतें तेथें जाऊन तें खिडकीच्या तिरप्या उजेडांत पाहावें लागतें. तेव्हां कुठें सावली पडते आणि कागद फाटल्याची जागा दिसूं लागते.