सुटलेल्या बाणाचा हिशेब

घरांतील मुलें टेबलाभोवतीं चार-चार तास बसतात, हातांत पत्ते नसतात, पुढें पट असतो किंवा नसतो, आणि तरी मधूनच एखादा ओरडतो, 'माझा बाण लागला!' हा प्रकार पाहून वडीलधाऱ्या मंडळींस हें काय खूळ आहे असें वाटणें साहजिक आहे. या खेळाचें नांव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांचा हा खेळ १९७४ सालीं विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या गांवाहून प्रसिद्ध झाला. लहान पुतळ्यांच्या युद्धखेळांतून तो जन्मास आला. म्हणूनच कीं काय, कथाकथनाचा खेळ असूनही अंतर व आडोसा यांविषयीं त्याचे नियम अद्यापि काटेकोर आहेत. घरांत तंटा माजतो तो बहुधा याच नियमांवरून, म्हणून आज त्यांचाच विचार करूं.

मूळ रीत सोपी आहे. वीस पैलूंचा फासा टाकावयाचा, त्यांत पात्राची चपळाई व सराव यांचे अंक मिळवावयाचे, आणि ती बेरीज शत्रूच्या संरक्षणांकाइतकी किंवा अधिक झाली कीं बाण लागला. मात्र फाशावर वीस पडले तर बाण लागणारच, एक पडला तर चुकणारच.

अग्निपुराणांतील धनुर्वेदाच्या प्रकरणांत यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त व बाहुयुद्ध असे पांच भेद केले आहेत. त्यांपैकीं पहिले दोन येथें जसेच्या तसे उपयोगी पडतात. धनुष्य, क्रॉसबो, गोफण हीं यंत्रमुक्त. त्यांस चपळाईचा अंक लागतो. जॅव्हलिन म्हणजे फेंकण्याचा भाला हा पाणिमुक्त. त्यास बाहुबळाचा अंक लागतो. खंजीर फेंकणाऱ्यास मात्र दोहोंपैकीं जो अंक मोठा असेल तो घेण्याची मुभा आहे. एवढा भेद ध्यानांत ठेविला तर निम्मे वाद मिटतात.

आतां अंतर. प्रत्येक शस्त्रापुढें दोन आंकडे छापलेले असतात. लाँगबो या मोठ्या धनुष्यापुढें १५० व ६००, लहान धनुष्यापुढें ८० व ३२०, गोफण व जॅव्हलिन यांपुढें ३० व १२०, खंजिरापुढें २० व ६०. हीं सर्व मापें फुटांचीं. पहिल्या आंकड्यापर्यंत नेम सरळ. त्यापुढें दुसऱ्या आंकड्यापर्यंत बाण सोडतां येतो, पण एकाऐवजीं दोन फासे टाकून त्यांतील लहान अंक धरावा लागतो. यास मुलें डिसॲडव्हांटेज म्हणतात. दुसऱ्या आंकड्यापलीकडे बाण सोडतांच येत नाहीं. हाच दोन फाशांचा दंड आणखी एका प्रसंगीं बसतो. तुम्हांस पाहूं शकणारा व हातपाय चालणारा शत्रू पांच फुटांच्या आंत उभा असला, तर तुम्ही दूरच्या कोणावरही नेम धरा, दोन फासे टाकावेच लागतात. कानाशीं तलवार परजली जात असतां प्रत्यंचा स्थिर ओढणें कठीण, ही गोष्ट रचनाकारांनीं बरोबर हेरली आहे. धनुर्धरानें तेथून चालूं लागावें म्हटलें तर शेजारच्या शत्रूस जातां जातां एक फुकटचा वार मिळतो. सावधपणें माघार घ्यावी तर त्या पाळीचें कृत्य त्यांतच खर्चीं पडतें.

गेल्या मे महिन्यांत आमच्या घरीं याच जागीं अडलें. नात धनुर्धर, थोरला नातू सूत्रधार, म्हणजे मुलांच्या भाषेंत डंजन मास्टर. धाकट्याचें दीड वर्ष वाढविलेलें पात्र घायाळ होऊन पडलेलें, त्यावर ओगर नांवाचा राक्षस गदा उगारून उभा, आणि नात तेथून १७० फुटांवर. तिच्या शेजारीं एक गॉब्लिन येऊन ठेपलेला. तिनें दोन फासे टाकले. १६ व १३ पडले. सूत्रधार म्हणाला, 'अंतराचा एक दंड, गॉब्लिनचा दुसरा. आणखी एक फासा टाक.' तिसऱ्यावर ४ पडले. तिचे ५ मिळवून ९ झाले, ओगरचा संरक्षणांक ११. बाण चुकला, गदा पडली, धाकट्याचें पात्र संपलें. ओगरचे प्राणांक अवघे तीन उरले होते हें मागाहून कळलें. धाकटा बहिणीशीं बोलेना; हें आठ दिवस चाललें. त्याच्या मतें तिनें जवळ जावयास हवें होतें. ती बिचारी नेमानें चूक न करतां अपराधी ठरली.

आम्ही पुस्तक मागवून घेतलें. २०१४ ची पांचवी आवृत्ति घ्या कीं २०२४ ची सुधारलेली घ्या, या बाबतींत दोहोंचें सांगणें एकच आहे: कारणें कितीही असोत, फासे दोनच. थोरला म्हणाला, 'पण आजोबा, अडचणी दोन असल्या तर दंड दोन नकोत का?' तर्क वाईट नव्हता. परंतु हिशेब करून पाहावा. तिला सहा किंवा अधिक पडावयास हवे होते. एका फाशावर शंभरांत ७५ वेळां तें जमतें, दोहोंवर सुमारें ५६ वेळां, तिघांवर ४२ वेळां. अडचणी मोजून फासे वाढवूं लागलें तर दूरचा धनुर्धर लवकरच निरुपयोगी होऊन बसेल. उलट बाजूसही हाच न्याय आहे. नेमास अनुकूल असें एक कारण निघालें, उदाहरणार्थ शत्रूस धनुर्धर दिसतच नाहीं, तर प्रतिकूल कारणें दोन असोत कीं तीन, सर्व रद्द होऊन एकच फासा उरतो. त्या दिवशीं दोन फाशांतील लहान अंक १३. ५ मिळवून १८. लाँगबोचा घाव आठ पैलूंच्या फाशावर तिच्या चपळाईचे ३ मिळवून होतो, म्हणजे कमींत कमी ४. ओगर पडावयासच हवा होता. थोरल्यानें तें पान दोनदां वाचलें आणि बहिणीस 'तुझा बाण लागला होता' असें सर्वांदेखत सांगितलें. पात्र उठवावें कसें, तें तिघांनीं बसून ठरविलें. त्यांत आम्ही पडलों नाहीं.

सूत्रधारास नेम कठीण करावयाचाच असेल तर नियमांत त्याची निराळी सोय आहे: आडोसा. लक्ष्याचें निम्मे अंग झाडाआड किंवा दुसऱ्या एखाद्या प्राण्याआड असेल तर संरक्षणांकांत २ वाढतात. तीन चतुर्थांश झांकलें असेल तर ५. पूर्ण झांकलें तर नेमच धरतां येत नाहीं. लक्ष्य जमिनीवर आडवें पडलेलें असेल तर दुरून बाण मारणारास पुन्हां तेच दोन फासे. जवळ जाऊन तलवार चालविणारास मात्र तें सोईचें पडतें.

क्रॉसबोचा घाव मोठा, पण तो भरावयास वेळ लागतो. एका कृत्यांत अनेक वार करण्याचा अधिकार असला तरी त्यांतून एकच बाण सुटतो. भात्यांतून बाण काढण्यास निराळें कृत्य लागत नाहीं, मात्र सुटलेला प्रत्येक बाण वजा करावा लागतो. लढाई आटोपल्यावर एक मिनिट शोध केला तर वापरलेल्यांपैकीं निम्मे परत मिळतात. सात सोडले असतील तर तीन.