मण्यातला भुंगेरा

मुलांनो, तुम्ही तसबीहचे मणी पाहिले असतील. काही तसबीह मधाच्या रंगाच्या, आरपार दिसणाऱ्या मण्यांच्या असतात. ते मणी अस्सल असतील, तर ते दगडाचे नसतात आणि काचेचेही नसतात. त्या पदार्थाला उर्दूत 'कहरुबा' म्हणतात. 'काह' म्हणजे गवताची काडी आणि 'रुबा' म्हणजे ओढून घेणारा. मराठीत त्याला 'तृणमणी' म्हणतात. तृण म्हणजे गवत. लोकरीवर घासलेला हा मणी गवताची बारीक काडी ओढून घेतो. दोन्ही नावांत एकच गोष्ट सांगितली आहे!

तृणमणी कसा तयार होतो? बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. काही झाडांच्या खोडातून मात्र पाण्यात न विरघळणारी राळ पाझरते. एखादा कीटक तिच्यावर बसला की त्याचे पाय चिकटतात. वरून आणखी राळ येते व तो पुरता झाकला जातो. पुढे ही राळ मातीखाली गाडली जाते आणि लाखो वर्षांनी कठीण होते. आतल्या कीटकाच्या अंगावरचे केससुद्धा दिसतात.

म्यानमारच्या उत्तरेस काचिन राज्यात हुकाँग खोरे आहे. तेथील तृणमणी सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. हे वय कसे कळले? त्या थरात ज्वालामुखीची राख आहे. राखेतील झिरकॉनच्या बारीक स्फटिकांत युरेनियम असते. त्याचे ठरावीक वेगाने शिसे बनते. किती शिसे बनले हे मोजले की वय कळते. त्या काळी पृथ्वीवर डायनोसॉर राहत होते.

याच खोऱ्यातील एका मण्यात तांदळाच्या दाण्याहून लहान भुंगेरा सापडला. मणी फोडला असता, तर भुंगेराही गेला असता. म्हणून शास्त्रज्ञांनी मणी घासून गुळगुळीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. क्ष-किरणांनी सर्व बाजूंनी प्रतिमा घेऊन संगणकावर भुंगेऱ्याचे चित्र तयार केले. त्याच्या अंगावर व अंगाजवळ फुलांचे ६२ परागकण आढळले. ते वाऱ्याने आले असतील का? नाही. वाऱ्यावर उडणारे परागकण बहुधा सुटे असतात. हे कण मात्र पुंजक्यांनी होते आणि भुंगेऱ्याच्या केसांत अडकले होते. म्हणजे तो फुलांवर जात होता.

हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटक फुलांचे परागकण वाहून नेत, याचा त्याआधीचा सर्वांत जुना प्रत्यक्ष पुरावा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा होता. एका लहानशा भुंगेऱ्याने तो आणखी ५ कोटी वर्षे मागे नेला.

पण या मण्यांना दुसरीही बाजू आहे. काचिनमध्ये अनेक वर्षे सशस्त्र संघर्ष झाला आहे. तेथील खाणींत माणसे जीव धोक्यात घालून काम करतात. मण्यांच्या व्यापारातला पैसा लढाईला लागतो. म्हणून काही शास्त्रज्ञांनी तेथील मणी घेणे बंद केले. ज्ञान मिळवताना कोणाचे नुकसान होते, हाही प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला.

मुलांनो, आजही भुंगेरे फुलांवर बसतात. एखादा दिसला तर त्याला हुसकावू नका. त्याच्या अंगावरची पिवळी पूड जवळून पाहा. हे काम त्याचे पूर्वज डायनोसॉरच्या काळापासून करत आले आहेत.